हाजीचा साकव

हाजी मेतारसादचं घर माझ्या घरापासून वल्ह्याच्या वीस फटक्यांवर. एवढ्याशा अंतरात आम्ही दोघं सहा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

भांडण त्याच्या साकवावरून. पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घरांपुढून पाण्याची एक गल्ली जाते, ती थेट शहराच्या धक्क्यापर्यंत. त्या गल्लीवर हाजीने आपल्या घरापासून समोर भावाच्या घरापर्यंत साकव घातला, आणि घातला तो इतका ठेंगणा की भरतीच्या वेळी मला होडीत आडवं पडून, डोक्यावरच्या फळ्या हातांनी ढकलत खालून सरकावं लागायचं. मी तीस वर्षं होडीतून माल विकते. दारोदार वल्हवत जाणाऱ्या बाईने रोज कोणाच्या तरी साकवाखाली लोळण का घ्यावी? मी हाजीला म्हटलं, "हातभर उंच घे." तो चार लोकांसमोर म्हणाला, "साकव उंच करण्यापेक्षा तू थोडं कमी जेव." सगळे हसले. मग मी म्हणाले, "मक्केला जाऊन आलास हाजी, पण जीभ तिथे धुवायची राहिली." तेव्हा कोणी हसलं नाही.

मी शब्द मागे घेतला नाही. त्याने साकव वर घेतला नाही. मी माझ्या घराच्या कोपऱ्यातल्या खांबावर कोयत्याने एक खाच पाडली. पाणी खाचेच्या खाली असेल तर होडी साकवाखालून जाते, खाचेवर चढलं तर जात नाही. रोज सकाळी मी खाच बघायची आणि मगच वल्हं उचलायची. सहा वर्षांत खाच एकदाही चुकली नाही, आणि मला तिचा भारी तोरा होता.

त्या दिवशी हाजीकडे लग्न होतं आणि माझ्याकडे बाळंतपण.

त्याचा धाकटा मुलगा लामित बोहल्यावर चढणार होता. मुलीकडे द्यायचा मान साकवावर मांडून ठेवला होता. तांदळाची पोती, पितळी किटल्या, घंटा आणि हाजीच्या आजोबांच्या चार पितळी तोफा. लहानच, पण एकेक उचलायला दोन माणसं लागायची. तोफेच्या पाठीवर मगरीची मूठ होती, आणि ती मगर हाजीची बायको काम्सिया महिन्यातून एकदा चिंचेने घासायची. दुपारच्या भरतीला सजवलेल्या होड्या येणार, तोवर अर्धं गाव त्या साकवावर मिरवत होतं.

माझी सालबिया आतल्या खोलीत पहाटेपासून कळा देत होती. पहिलटकरीण. जावई दूर सेरिया गावात तेलाच्या विहिरींवर कामाला, महिनाअखेरीशिवाय त्याला सुट्टी नाही. जवळ होती ती नीनी बुंसू, आमची सुईण. गावातली अर्धी माणसं तिच्याच हातात जन्मलेली, त्यामुळे ती कोणालाही नावं ठेवायची आणि कोणी तिला उलटून बोलायचं नाही. सकाळभर ती सालबियाला ओरडत होती, "रडतेस काय, तुझी आई जन्मली तेव्हा तुझ्या आजीने हूं की चूं केलं नव्हतं!" नीनी ओरडत होती तोवर मला भीती नव्हती.

मग ती ओरडायची थांबली. हात पुसत बाहेर आली आणि मला चुलीपाशी घेऊन गेली.

"जाराह, पाय आलाय. एकच. दुसरा आत अडकलाय."

"मग?"

"मग काय? हे माझ्या हातातलं काम नाही. धक्क्यावरच्या दवाखान्यात ने हिला. आत्ता."

"वेळ किती आहे?"

"दुपारच्या नमाजापर्यंत ही इथेच राहिली, तर दोघांतलं एकही तुझ्या हाती लागणार नाही." नीनीने असं सरळ सांगितलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. 

दवाखान्याला जायला दोन वाटा. एक गावाला वळसा घालून मोठ्या नदीतून. तिथे वारा तोंडावर आणि लाटा, दीड तास तरी जाणार. दुसरी आमची गल्ली. भरती आत शिरत होती, म्हणजे पाणी मागून ढकलणार. अर्ध्या तासात धक्का. मी धावत कोपऱ्यात गेले आणि खाच बघितली. पाणी खाचेच्या चार बोटं खाली होतं. उधाणाचा दिवस, पाणी भराभर चढत होतं, तरी वेळ होता.

होडी बाजारासाठी भरून ठेवलेली. शंभरावर नारळ, केळीचे घड, साबुदाण्याच्या टोपल्या, धुरावलेली मासळी. मी एकटीने सगळं घरापुढच्या फळ्यांवर फेकलं. नारळ घरंगळत पाण्यात गेले, गेले तर गेले. हाताला मदत कोणाची घेणार होते? पुरुष सगळे हाजीच्या साकवावर होते. एक हाक मारली असती तर चार जण आले असते. पण ती हाक हाजीच्या दारी गेली असती. मी मारली नाही.

मान वर केली तेव्हा हाजी दिसला. साकवाच्या कठड्याला हात लावून तो माझ्याकडेच बघत होता. नवा कोट, डोक्यावर पांढरी टोपी. त्याने तोंड उघडल्यासारखं मला वाटलं. आज त्याच्याकडून काही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी पाठ फिरवली.

नीनीने आणि मी मिळून सालबियाला गादीसकट होडीत निजवलं. ती माझा हात सोडेना.

"आई, मी मरणार आहे का?"

"मरायला वेळ आहे का कोणाला?" मी म्हणाले. "गप पड. अर्ध्या तासात तुला पांढऱ्या चादरीवर निजवते."

नीनी तिच्या पायांशी बसली, मी मागच्या टोकाला. वल्हं पाण्यात घातलं आणि होडी अशी सुटली की क्षणभर मलाही बरं वाटलं. इतकी हलकी ती कधी चालली नव्हती. साकवावरच्या बायकांनी आम्हाला येताना पाहिलं. कोणीतरी ओरडलं, "अगं, होडीत पोर कळा देतेय!" घंटा वाजवणारे थांबले.

"खाली वाका," मी नीनीला सांगितलं आणि स्वतः आडवी झाले.

पुढचं टोक सुळकन साकवाखाली शिरलं आणि पलीकडे निघालंही. मग कर्रकन आवाज झाला आणि होडी थांबली.

साकवाच्या खांबांना दोन्ही बाजूंनी तिरपे आधार ठोकलेले आहेत. खाली दोन आधारांमध्ये जागा जास्त, वर जावं तशी कमी. होडी मधोमध सगळ्यांत रुंद. तिचे दोन्ही काठ नेमके त्या आधारांखाली जाऊन अडकले होते. मी वल्हं खांबाला लावून मागे रेटलं. हलली नाही. मागून भरती तिला आत दाबत होती आणि खालून वर उचलत होती. पाणी जितकं चढेल तितकी ती आणखी घट्ट बसणार होती, आणि मधल्या भागात, फळ्यांच्या अंधारात, माझी लेक होती.

"जाराह," आतून नीनीचा आवाज आला. "माझी पाठ फळीला टेकलीय गं."

खाच खोटी ठरली होती. माझा त्यावर विश्वासच बसेना. चार बोटं खाली होतं पाणी, मी स्वतः बघितलं होतं!

वरून एकदम दहा जणांचा सल्ला सुरू झाला.

"साकवावरून उतरा सगळे, साकव हलका होऊ दे!"

"साकव काय होडी आहे का, हलका झाला की वर यायला?"

"करवत आणा, आधार कापा!"

"बुलियानचं लाकूड आहे ते, लोखंडासारखं. करवतीचे दात जातील, संध्याकाळ होईल."

लामित कोणाला न विचारता पाण्यात उतरला. नवरदेव, अंगावर जरीचं कापड, कानामागे फूल. त्याने होडीच्या काठाला लोंबकळून ती खाली दाबायचा प्रयत्न केला. होडी एका बाजूला कलली आणि घळकन पाणी आत आलं. सालबिया किंचाळली. मी वल्ह्याने लामितच्या बोटांवर मारलं.

"सोड! बुडवतोस का तिला?"

"मावशी, मग करू काय?" तो बिचारा पाण्यात उभा राहून विचारत होता.

सालबियाचं किंचाळणं हळूहळू कमी झालं. ते मला जास्त लागलं. ओरडणारं माणूस जिवंत असतं. मी होडीतलं पाणी करवंटीने उपसत होते, तोंडाने दुआ चालली होती आणि मधे मधे शिव्याही. हाजीला दिल्या, त्याच्या साकवाला दिल्या, जावयाला दिल्या. होडीचा काठ आणि आधार यांच्यामधे एक केस जायला जागा नव्हती.

तेवढ्यात फळीखालून एक नारळ घरंगळत माझ्या पायाला लागला. सकाळी घाईत राहून गेलेला एकच नारळ.

मी तो उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

सहा वर्षं मी या साकवाखालून भरलेली होडी नेत होते. शंभर नारळ, केळी, साबुदाणा, मासळी. खाच पाडली होती ती भरलेल्या होडीसाठी. रिकामी परत यायची ती नेहमी ओहोटी बघूनच, त्यामुळे कधी प्रश्नच आला नाही. आज मी होडी रिकामी केली होती. लेकीला जागा हवी म्हणून माझ्या हातांनी रिकामी केली होती. रिकामी होडी पाण्यावर किती वर तरंगते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं. खाच बरोबर होती. मीच चुकले होते.

"वजन!" मी ओरडले. "मला वजन द्या! होडी खाली बसली पाहिजे!"

 वरच्या सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच जागी गेल्या. मांडून ठेवलेल्या मानाकडे.

"नाही!" काम्सिया पुढे आली. "मान उंबऱ्याबाहेर निघाला की तो सुनेच्याच दारी उतरतो. मधे दुसऱ्याच्या होडीत पडला तर संसार टिकत नाही. माझ्या सासूने सांगितलंय. तांदूळ घरातून आणा, पाण्याची पिंपं आणा!"

"आणेपर्यंत ती राहते कुठे!" मी म्हणाले.

हाजी तोफांपाशी उभा होता. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं.

"हाजी. चूक माझी आहे. मी पाया पडते तुझ्या. माझी पोर वाचव."

 अंगातला नवा कोट काढून त्याने बाजूला टाकला आणि दोर उचलून पहिल्या तोफेच्या मगरीला गाठ मारली.

"अहो!" काम्सिया रडायला लागली.

"काम्सिया, दोर धर," तो म्हणाला. "नाहीतर बाजूला हो."

तिने दोर धरला. रडत रडत धरला, पण सोडला नाही.

पहिली तोफ माझ्या टोकाला उतरली. मागचं टोक दबलं आणि आतून नीनी ओरडली, "थांबा! पुढून वर येतेय! पोरीचं तोंड फळीला लागलं!"

"एका टोकाला नको," हाजी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो जन्मभर मालाच्या होड्या भरत आला होता. "दोन्हीकडून एकदम. लामित, पलीकडे जा, पुढचं टोक धर. काकाला सांग, दुसरी तोफ तिकडून सोड. मी म्हणेन तेव्हा. जाराह, तू तुझ्या पायांपाशी पोत्यांना जागा कर."

लामित साकवाखालून पोहत पलीकडे गेला. दुसरी तोफ तिकडून उतरली, आणि तिच्यामागोमाग तिसरी. माझ्याकडे एक पोतं आलं, मग दुसरं. हाजी दोन्हीकडे धावत होता, "हळू, हळू, बिस्मिल्ला, हळू." प्रत्येक वजनाला होडी कण्हत होती. पाणी होडीच्या काठापर्यंत आलं. आणखी एक बोट आणि ते आत येणार. आधाराला मात्र ती चिकटूनच.

"अजून एक," हाजी म्हणाला.

"बुडेल!" वरून कोणीतरी.

"नारळाने भरलेली असताना तिचा काठ कुठवर असतो, मी रोज बघतो. अजून एक."

चौथी तोफ माझ्या मांडीवरच आली. तिचं थंड पितळ पोटाला लागलं आणि त्याच क्षणी लाकूड कर्रकन वाजून होडी दोन बोटं खाली बसली. आधार सुटला. भरतीने मागून धक्का दिला आणि आम्ही साकवाखालून उजेडात आलो. सालबियाच्या कपाळावर फळीची आडवी रेघ उठली होती. डोळे उघडे होते.

"वल्हव गं!" नीनी माझ्यावर ओरडली. तिचं ओरडणं परत आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

लामित होडीला धरून शेवटच्या घरापर्यंत पोहत आला, तिथे त्याच्या मित्रांनी दुसरी होडी काढून आम्हाला दोर लावला. चार तोफा, दोन पोती, एक सुईण आणि एक अडलेली लेक घेऊन आम्ही धक्क्याला लागलो. दवाखान्यातली परिचारिका तोफा बघून दोन पावलं मागे सरकली. दुपारच्या नमाजाची हाक यायला थोडा वेळ होता.

मुलगा झाला. निळा पडला होता, मग लाल झाला आणि मग असा रडला की नीनी म्हणाली, "आवाज आजीवर गेलाय, अल्लाह रक्षण करो."

ओहोटी लागल्यावर मी मान घेऊन थेट हाजीच्या होणाऱ्या सुनेच्या दारी गेले. वऱ्हाडाच्या सजवलेल्या होड्या माझी वाट बघत उभ्या होत्या. मुलीच्या आजीने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाली, "ज्या होडीतून जीव वाचला तिच्यातून मान आला, याहून चांगला शकुन कुठला?" काम्सियाने तोंड फिरवून डोळे पुसले. तांदूळ तेवढा भिजला होता, त्याचं त्यांनी गोड केलं.

आठव्या दिवशी सालबिया बाळाला घेऊन घरी आली. त्याच दिवसापासून हाजीने साकवाच्या फळ्या उखडायला घेतल्या. गावभर एकच बोलणं, हाजीच्या ठेंगण्या साकवाने जाराहची लेक जाणार होती. लोक त्याला तोंडावर बोलत होते आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मी दोन दिवस ते बघितलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी मला गोडही लागलं. पण तिसऱ्या दिवशी पोराला न्हाऊ घालताना वाटलं, हे पोर हाजीच्या तोफांमुळेच हातात आहे. मी वाडग्यात अंबुयात, साबुदाण्याची गरम खळ, घेतलं आणि वीस फटके वल्हवून त्याच्या पायरीशी गेले.

हाजी उघड्या तुळईवर बसून खिळे उपटत होता.

"हाजी," मी म्हणाले, "साकव राहू दे. त्याचा दोष नव्हता. होडी मी रिकामी केली होती. गावाला मी सांगते."

त्याने हातातली हातोडी खाली ठेवली. 

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तू नारळ फेकत होतीस तेव्हा मी वर उभा होतो. घरात लेक कळा देतेय, पाण्याला उधाण, होडी रिकामी. अडकणार, हे मला तिथेच कळलं. ओठांपर्यंत आलं होतं, जाराह, थांब, नारळ राहू दे. तू पाठ फिरवलीस. म्हटलं, हिला कोण सांगणार. मीही फिरवली." त्याने उपटलेला खिळा बाजूला ठेवला. "तोफा मी तुझ्या पाया पडण्याने नाही दिल्या. देणं होतं माझं."

मी पायरीवर बसले. मला राग यायला हवा होता. मी तो खूप शोधला. पण मला ते उघडलेलं तोंड दिसत होतं आणि माझी फिरलेली पाठ दिसत होती. एक शब्द. त्याने बोलायचा आणि मी ऐकायचा. तेवढ्यासाठी माझ्या सालबियाच्या कपाळावर ती रेघ आली होती, आणि आमच्या दोघांच्या हट्टापायी आत्ता घरात रडणारं ते पोर कधी रडलंच नसतं.

"खा," मी वाडगा पुढे केला. "गार होतंय."

त्याने खाल्लं. मग डोळे पुसून पुन्हा हातोडी उचलली.

साकव आता हातभर उंच आहे. भरलेली असो की रिकामी, उधाणातही होडी बसल्या बसल्या खालून जाते. खाचेचं काम उरलं नाही. तरी रोज सकाळी मी गल्लीत शिरले की हाजी कठड्याला टेकून उभा असतो आणि वरून ओरडतो, "जाराह, भरलेली की रिकामी?"

"डोळे फुटले का तुझे?" मी म्हणते. आणि तो मला न विचारता सोडत नाही, आणि मी त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नाही.